रदीफपुरता आवाज

भीमराजनं आयुष्यात कधी शेर म्हटला नव्हता. म्हणणारा सयाजी, हा ऐकणारा. दोघंही मराठवाड्यातले, चाकणच्या एकाच कंपनीत प्रेस शॉपला, आणि कंपनीच्या बसमध्ये वर्षानुवर्षं एकाच सीटवर. सयाजीचं लहानपण परभणीच्या मोहल्ल्यात गेलेलं, त्यामुळे उर्दू त्याच्या जिभेवरच होती. तो पहिली ओळ म्हणून थांबायचा. भीमराजनं ती उचलून परत म्हटली, की मगच दुसरी सोडायचा.

"गझलेतला प्रत्येक शेर शेवटी त्याच शब्दांवर येऊन टेकतो," सयाजी सांगायचा. "त्याला म्हणायचं रदीफ. मुक्काम तुला आधीच ठाऊक असतो, राव. शायर कोणत्या वाटेनं नेतो, ते बघायचं."

मग रदीफ दोघं मिळून म्हणायचे, आणि मागच्या सीटवरची पोरं हसायची.

निवृत्तीनंतर सयाजी मुलाकडे पिंपळे सौदागरला राहायला गेला. भीमराज मोशीतच राहिला. बायको, नीला, वारल्यावर तर अगदी एकटा. दिवसचे दिवस त्याचं दूधवाल्याशी काय तेवढंच बोलणं व्हायचं. अशात सयाजीला पक्षाघात झाला. उजवा हात गेला, वाचा गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून नुसतं "हं" यायचं.

भीमराज दर रविवारी त्याच्याकडे जायचा. बसच्या गर्दीचं सांगायचा, जुन्या माणसांचं सांगायचा, आणि चहा यायच्या आत त्याच्याकडचं सगळं संपून जायचं. सयाजी खिडकीकडे बघत राहायचा.

एका रविवारी मात्र भीमराज काहीतरी घेऊन आला होता. आठवडाभर गॅलरीत येरझाऱ्या घालून त्यानं स्वतः दोन शेर जुळवले होते. सयाजीची सून विजयश्री चहा ठेवून आत गेली, तसा तो घसा खाकरून म्हणाला, "हसू नकोस. माझंच आहे." आणि त्यानं पहिली ओळ म्हटली:

"घर में कुछ शोर मचाता कोई..."

सवयीनं तो थांबला. ओळ उचलायला कोणी नव्हतं. मग त्यानंच ती परत म्हटली आणि पुढे गेला:

"आ के ज़ंजीर हिलाता कोई."

दाराच्या कडीच्या त्या ओळीवर सयाजीनं खिडकीवरची नजर काढून त्याच्याकडे वळवली. भीमराजनं दुसरा शेर धरला.

"हाल मेरा न सही, आकर बस

अपना ही हाल सुनाता..."

"कोई," सयाजी म्हणाला.

शब्द जड होता, ओठाच्या एका कोपऱ्यातून आलेला, पण स्वच्छ. विजयश्री हातातलं काम टाकून धावत बाहेर आली. "काका, बाबा बोलले?"

"बोलला!" भीमराज खुर्चीवरून उठलाच. "सयाज्या, माझं नाव घे. भीमराज म्हण!"

सयाजीनं तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताणल्या, डोळ्यांत पाणी आलं, पण "हं"च्या पुढे काही येईना. भीमराजनं घाईघाईनं शेर पुन्हा म्हटला. रदीफाच्या जागी सयाजी पुन्हा "कोई" म्हणाला. बाकी काही नाही.

"रोज येत जा ना, काका," विजयश्री दारापर्यंत येऊन म्हणाली. तो "हो" म्हणाला.

बसमध्ये बसल्यावर त्याच्या मनात ते शेर फिरत राहिले. 'आकर बस' जमलंय, की उगाच भर घातल्यासारखं वाटतंय? पहिला शेर दुसऱ्यापुढे फिका पडतो का? हे सांगू शकेल असं एकच माणूस जगात होतं. पूर्वीचा सयाजी असता तर त्यानं शेराची चिरफाड केली असती, खोट काढली असती, आणि मग पाठीवर थाप मारून 'वाह' म्हटलं असतं. आता तो फक्त शेवटच्या शब्दाला सोबत येणार होता.

नाशिक फाट्याला बस बराच वेळ अडकली. शेजारचा माणूस मोबाईलवर कोणाशी तरी जेवणाविषयी बोलत होता. भीमराजनं कपाळ काचेला टेकवलं आणि हलक्या आवाजात तिसऱ्या शेराची पहिली ओळ धरायला घेतली. ती जुळत नव्हती.