बसकाकांच्या केसांतली अफू

‘माझ्या भाच्याचे गं केस, काळ्या ढगांची ती दाटी,
फणी निघाली सकाळी, सांजेला पोचली पाठी.’

हा आवाज बसकाकांच्या आत्याचा. तिला जाऊन जमाना लोटला. पोराचं डोकं दोन गुडघ्यांत दाबून धरायची, फणी फिरवायची आणि फिरवता फिरवता असं काहीबाही जुळवायची. गुंता पोराच्या डोक्यात असायचा, तिच्या गाण्यात कधी नसायचा. पुढे आत्या गेली आणि तिच्यामागून केसही निघाले. तिला पोचवायला म्हणून गेले असावेत, ते परत आलेच नाहीत. लग्नाच्या वयाला येईतो डोक्याच्या मधोमध मोकळं मैदान झालं होतं आणि कानांमागे तेवढं कुंपण उरलं होतं.

तेव्हा बसकाकांनी गुपचूप परगावच्या कारागिराकडून केसांचा टोप करून घेतला. तो घालून मुलगी पाहिली, तो घालूनच लग्न केलं. मग सांगायचं कधी? पहिल्या वर्षी लाज वाटली, दुसऱ्या वर्षी उशीर झाला आणि पुढे संसाराच्या राड्यात राहूनच गेलं. न्हाणीघराला आतून कडी, झोपताना ‘डोक्याला वारा बाधतो’ म्हणून लोकरीची टोपी, टोप विरळ झाला की कुरियरने कारागिराकडे रवानगी आणि तोवर जुना टोप डोक्यावर. इतका चोख बंदोबस्त की बायकोला वर्षानुवर्षं पत्ता नाही, असं बसकाका समजून होते.

एवढं एक लपवणं सोडलं तर माणूस आरशासारखा स्वच्छ. शाळेच्या मुलांची बस चालवायचे, म्हणून मुलं बसकाका म्हणायची, आणि मुलांचं ऐकून सगळं गाव. दारू नाही, सिगारेट नाही. कुणी ओढत उभा असला तर हे रस्ता बदलून पलीकडून जायचे.

गावात नशेच्या तपासणीची एकच जागा होती, टायरच्या दुकानावरची खोली. खाली टायर ठोकल्याचे धपधप आवाज, वर भिंतीला टेकलेला बाक आणि आत एक मोरी. मोरीतला नळ बंद, टाकीतलं पाणी निळं केलेलं. का? तर कुणी लघवीच्या पेल्यात पाणी मिसळू नये म्हणून. पेल्याला ऊबमापक पट्टी चिकटवलेली, म्हणजे कुणी खिशातून दुसऱ्याची बाटली आणून ओतली तर गार पडून पकडली जावी. बेकरीवाले आपले कामगार पाठवत, गोदामवाले पाठवत, आणि कधी एखादी आई कॉलेजातल्या लेकाला दंडाला धरून जिना चढवत आणी. ही खोली चालवायची ती बसकाकांची सख्खी मेहुणी. येईल त्याला नळीत फुंकायला लावायची म्हणून गावाने तिचं नाव फुंकबाई ठेवलं होतं. ती त्यावर चिडत नसे. म्हणायची, “माझ्यासमोर भले भले फुंकतात, नाव असूद्या.”

त्या वर्षी बसच्या विमा कंपनीने नवं खूळ काढलं. ड्रायव्हरांचे केस तपासा म्हणे. श्वास कालची रात्र सांगतो, लघवी दोन-चार दिवसांचं सांगते, पण केस महिनोन्‌महिने सगळं मनात धरून ठेवतात. आणि नातलगाचा नमुना घ्यायचा तर मालकाकडचा साक्षीदार समोर हवा. म्हणून बसकाका खुर्चीत बसले तेव्हा बस कंपनीचा मॅनेजरही बाकावर येऊन बसला होता. मॅनेजरचं टक्कल गावात प्रसिद्ध, आणि त्याला त्याची काडीची लाज नव्हती.

“बसा भावोजी,” फुंकबाईने हातमोजे चढवले. “आज फुंकायचं नाही, पेला नाही. आज नुसती हजामत.”

“किती कापणार?”

“पेन्सिलीएवढी एक बट. तुमच्या या रानात कळणारसुद्धा नाही.”

“मग मानेवरून घे की.”

“मानेवरून नाही चालत. मागून, वरच्या बाजूने. तसंच घ्यायचं असतं.”

“का? मानेने काय घोडं मारलंय?”

“अहो बसकाका,” मॅनेजर हसला, “बटभर केसांसाठी किती जीव खालीवर करता? माझी बायको रोज तुमचं डोकं दाखवून मला टोमणे मारते. म्हणते, माणसाने केस राखावेत तर असे.”

आता या माणसासमोर काय सांगायचं? बसकाकांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. कात्री मुळाशी गेली, कचकन आवाज झाला. टोप जरासा हलला तशी त्यांनी मानही त्याच्याबरोबर हलवली. बायकोची माणसं काय, कामावरची माणसं काय, सगळ्यांपुढे अब्रू वाचली म्हणून ते जिना उतरताना शीळ घालत होते.

पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेच्या डॉक्टरांचा फोन आला. केसांत अफूच्या जातीचं काहीतरी सापडलं होतं, आणि एकदोनदा घेतल्याचं नव्हे, चांगलं नेमाने घेतल्याचं.

“तुम्ही एखादं औषध घेता का?” डॉक्टरांनी विचारलं. “खोकल्याचं, दुखण्याचं? नीट आठवून सांगा.”

“डॉक्टर,” बसकाका छाती काढून म्हणाले, “मी जन्मात डोकेदुखीची गोळीसुद्धा घेतलेली नाही.”

सुटकेची एकुलती एक खिडकी उघडी होती, ती त्यांनी अशी स्वतःच्या हाताने लावून घेतली. मग ध्यानात आलं. केस दुसऱ्याचे, नशा दुसऱ्याची, नाव मात्र आपलं.

बायको तेव्हा इस्त्री करत होती. ऐकून तिचा हात शर्टावरच थबकला.

“केसांत सापडलं म्हणाले?”

“हो.”

“कुठल्या केसांत?”

“डोक्यावरच्या. आणखी कुठल्या?”

तिने त्यांच्या डोक्याकडे पाहिलं, जळका वास सुटला तशी इस्त्री उचलली आणि आत गेली. बसकाकांना वाटलं, झालं. बाईचं मन मोडलं.

मॅनेजरने बस काढून घेतली, पण माणूस वाईट नव्हता. “सोमवारी दुसरा नमुना देऊ. तो साफ निघाला तर चावी तुमची. नाही निघाला तर माझे हात बांधलेले आहेत.”

गाव म्हणजे गाव. बातमी बसच्या आधी पोचली. आणि गंमत अशी की बसकाकांचा भाव उतरायच्या ऐवजी चढला. आजवर ज्याच्याबद्दल बोलायला कुणाकडे काही नव्हतं, त्याच्याकडे माणसं मान वळवून बघू लागली. कधी ओळख न दाखवणाऱ्या वकिलाने डोळा मारला. टायरवाल्याने कोपऱ्यात नेऊन खांद्यावर हात टाकला.

“काका, छुपे रुस्तम निघालात. आणता कुठून?”

“अरे, मी घेत नाही.”

“तेच. घेणारा असंच म्हणतो.”

आयुष्यभर दूध पिऊन जे जमलं नव्हतं ते एका बटेने करून दाखवलं. घटकाभर बसकाकांना जरा बरंही वाटलं, खोटं कशाला बोला. पण शाळेच्या वेळेला दुसराच ड्रायव्हर त्यांची बस घेऊन गल्लीतून गेला. खिडकीतून मुलांनी हात केले आणि एक चिमुरडी नाक काचेला चिकटवून रडत होती. त्यांना गिअर बदलायची सवय, हात नुसताच हवेत पुढे-मागे झाला. ही बस गेली तर आपण कुणीच नाही, हे त्यांना कळून चुकलं.

टोपाचेच केस पुन्हा दिले तर पुन्हा अफू. खरं सांगितलं तर नोकरी राहील, डोकं जाईल. आणि डोकं गेलं तरी चालेल, पण लग्नापासून फसवलंत असं बायको म्हणाली तर? न्हाणीघरात कडी लावून ते आरशापुढे वाक्य घोटू लागले. ‘हे केस माझे नाहीत.’ एवढंसं वाक्य, पण ओठापर्यंत येई आणि लाजऱ्या नवरीसारखं दाराआड होई.

सोमवारी ते निघाले तर बायको चपला घालून उभी.

“तू कशाला?”

“येते. माझं काम आहे तिथे.”

“काय काम?”

“ते तिथे गेल्यावर.”

बसकाकांना वाटलं, ही बहिणीच्या गळ्यात पडून रडायला निघाली.

वर खोलीत मॅनेजर आधीच बाकावर होता. बायको त्याच्या शेजारी टोकाला बसली. फुंकबाईच्या तोंडावर नेहमीची चेष्टा नव्हती. तिने कात्री पुसली, बहिणीकडे पाहिलं, मग भावोजींकडे.

“मान खाली घ्या, भावोजी.”

बसकाकांनी मान खाली घातली. कात्रीची गार पाठ डोक्याला लागली, म्हणजे टोपाला लागली, त्यांना नुसताच दाब कळला. आणि तेवढ्यात दाराआडची ती नवरी एकदम बाहेर आली.

“हे केस माझे नाहीत.”

“म्हणजे?”

त्यांनी दोन्ही हात वर नेले आणि टोप काढून मांडीवर ठेवला. खिडकीतला उजेड डोक्यावर पडला. खाली टायर ठोकणंही नेमकं त्याच वेळी थांबलं.

मॅनेजर बाकावरून अर्धवट उठला. पुन्हा बसला. मग त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो पगारवाढीच्या दिवशीही कुणी पाहिला नसेल. “बसकाका,” तो गहिवरून म्हणाला, “हे एकदा माझ्या बायकोला दाखवायला घरी याल?”

फुंकबाईने हातमोज्यानेच तोंड दाबून धरलं होतं. खांदे गदगदत होते. कशीबशी सावरून ती म्हणाली, “आणि मी याच्यातली बट मोठ्या तोऱ्यात कापून पाठवली. हे बोलू नका कुणापुढे, माझी खोली बंद पडेल. चला, सदऱ्याची बटणं काढा.”

“आता सदरा कशाला?”

“कानामागचे फार आखूड आहेत. छातीचे चालतात. ते तरी तुमचेच ना, की तेही कुरियरने येतात?”

बसकाकांनी बटणं काढली. बायकोकडे बघायचं धाडस होत नव्हतं. छातीवर कात्री चालली तशी गुदगुल्या होऊन ते हसले आणि इतक्या दिवसांचा ताण त्या हसण्यातून सुटला. नोकरी वाचली होती. जीभही सुटली.

“तो कारागीर कुठून केस आणतो देव जाणे. कुणा अफूबाज बाईचे केस माझ्या माथी मारले बघा.”

“बाईचेच असणार,” मॅनेजरने री ओढली. “लांब आहेत. पडली असेल कुठेतरी अंधाऱ्या खोलीत. घर नाही, दार नाही.”

“नशेसाठी केस विकले असतील. असल्या बायकांना लाज कसली?”

“नवरा टाकून गेला असेल.”

“जाईल नाहीतर काय? असल्या बाईबरोबर कोण राहील?”

“तुम्ही राहता,” बाकाच्या टोकावरून बायको म्हणाली.

खोलीत कात्रीसुद्धा थांबली.

“माझे आहेत ते. हिवाळ्यात वेणी कापली ती कुठे गेली असं वाटलं तुम्हाला?”

“तू तर म्हणालीस डोकं जड होतं,” फुंकबाई म्हणाली.

“यांचं हलकं झालं होतं म्हणून माझं जड झालं. तुम्ही टोप पाठवलात, तो पोचल्यावर कारागिराचा फोन घरी आला. म्हणे मध्ये विरळ झालाय, हातात आहेत ते केस राठ आहेत, चालतील का? नाही चालणार म्हटलं. माझी वेणी नेऊन दिली.”

“म्हणजे तुला ठाऊक होतं?” बसकाकांचा आवाज उघड्या छातीतून कसाबसा निघाला. “कधीपासून?”

“लग्नाच्या आठवड्यापासून. झोपेत तुमची टोपी निघते, आत काय आहे ते दिसतं. मी परत घालत होते. तुम्ही सांगायचं ते मी कसं सांगू? वाटलं, सांगतील. आज नसतं सांगितलंत तर मी सांगणार होते, म्हणून चपला घातल्या.”

बसकाकांनी मांडीवरचा टोप उचलला. इतकी वर्षं ज्याला नुसता बंदोबस्त म्हणून वागवलं त्यावरून त्यांनी पहिल्यांदाच हळूच हात फिरवला. मग एकदम हात थांबला.

“पण अगं, अफू?”

“खोकल्याचं औषध आहे. डॉक्टरांना मागून घेते. त्यात असेल ते.”

“ताई, तुला खोकला कुठाय?” फुंकबाईच्या आवाजात आता धंद्याची धार आली. “मी रोज तुझ्याकडे येते. एकदाही खोकताना ऐकलं नाही. किती वर्षं घेतेस? त्याने झोप येते, कळतंय ना तुला? ते बंद करायचं, आजपासून.”

“झोप येते म्हणूनच घेते.”

“झोपेला काय झालंय तुझ्या?”

बायकोने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. बसकाका तिच्याकडे बघत होते, मॅनेजर बघत होता, आणि त्या टकलांच्या उजेडात तिला कुठे लपायला जागा उरली नव्हती.

“लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी तुम्ही मला विचारलंत,” ती शेवटी म्हणाली, “‘मी घोरत तर नाही ना?’ इतक्या घाबऱ्या तोंडाने विचारलंत की मी म्हटलं, छे. घोरता हो. खाली टायर ठोकतात ना, तसं घोरता. त्या एका ‘छे’साठी चमचा चमचा करत मी आजवर बाटल्या संपवल्या.”