काळी बाटली

सुमनबाईने विहिरीवरून दुसरी खेप आणली, हंडा चिंचेने घासला आणि अभिमनचं दुपटं सकाळपासून तिसऱ्यांदा धुतलं. दीड वर्षाचं पोर जुलाबानं चिपाड झालं होतं. नशिराबादच्या डॉक्टरांनी दिलेली पुडी ती रोज विहिरीच्याच पाण्यात कालवून पाजत होती.

त्या उन्हाळ्यात लीलाधर गुरुजींनी मुलांना पाणी तपासायला शिकवलं होतं. बाटलीच्या तळाशी औषधाचा कागद. पाणी भरून एक दिवस उबेत ठेवायचं. पाण्यात मैल्याची घाण असली तर ते काळं पडतं. गावच्या विहिरीची बाटली शाईसारखी झाली. पलीकडच्या वस्तीतल्या हापशाची मात्र स्वच्छ राहिली.

सुमनबाईचे सासरे तोताराम आबा पारावर बसले होते. "ही कोनं भरली?"

"यशोदानं," मुलं म्हणाली. यशोदा वस्तीतल्या धुरपदाबाईची मुलगी.

"मंग बाटली बाटली, तं पानी काळं व्हईनच की!" आबा म्हणाले. पारावरचे सारे खदखदून हसले.

"आबा, हापशाचीही तिनंच भरली," गुरुजी शांतपणे म्हणाले. "तुमच्या नव्या संडासाचा खड्डा विहिरीपासून दहा पावलांवर आहे. तो झिरपतोय."

"तिचं पानी तिले कसं बाटवीन, गुरुजी?"

विहिरीला शिवली म्हणून यशोदाच्या थोबाडीत बसली. विहीर शुद्ध करायला बादलीभर गोमूत्र आत ओतलं गेलं.

हे सारं दारातून पाहणारी सुमनबाई दुपारी कळशी घेऊन वस्तीत गेली. धुरपदाबाई मागे सरली. "बाई, दांडा तुम्हीच मारा. माझा हात लागला तं तुमच्या घरात..."

"लागू द्या, माय. माझ्या हातात जीव नाही राह्यला."

भरलेली कळशी घेऊन ती घरी आली. उंबऱ्यावरच आबांनी ती लाथेनं उलटी केली.

"आबा, पोरगं मरीन!"

"मरू दे. घर बाटायचं नाही."

दोन दिवसांनी अभिमन गेला. आबा तुळशीच्या पानानं त्याच्या ओठांवर पाणी सोडायला वाकले. सुमनबाईने त्यांचा हात धरला. "हेच पिऊन मेला तो. आता तरी पाजू नका."

सुतक फिटल्यावर ती शाळेत गेली आणि गुरुजींकडून एक रिकामी बाटली मागून घेतली. भर दुपारी, साऱ्या बायांसमोर, तिनं विहिरीचं पाणी स्वतःच्या हातानं त्या बाटलीत भरलं. दुसऱ्या दिवशी ती बाटली तिनं आबांच्या जेवणाच्या ताटाशेजारी ठेवली. काळीकुट्ट.

"आबा, ही मी भरली. तुमच्या घरच्या सुनेनं. आता सांगा, कोन बाटलं?"

सवयीनं आबांनी पाण्याच्या तांब्याकडे हात नेला, आणि तो तिथंच थबकला.

सुमनबाईने कळशी कमरेवर घेतली. "थांबा," ती म्हणाली, "प्यायचं पानी घेऊन येते." आणि ती विहिरीला पाठ करून वस्तीच्या वाटेला लागली.