कडेने दिसलेली दीर्घिका

मित्रांनो, वयाने मी जुनी आहे. पत्र्याची लांब नळी, तीन लाकडी पाय आणि तळाशी ताटलीएवढा गोल आरसा, एवढाच माझा संसार. लोक मला दुर्बीण म्हणतात. पण ज्या प्रकाशाला मी भेटते, त्याच्यापुढे माझे वय म्हणजे कालचे पोर. तो घरून निघाला तेव्हा हे अंगण नव्हते, ही भिंत नव्हती, त्याला पाहायला माणसाचा डोळासुद्धा नव्हता. तरी तो निघाला. हे आठवले की आजही माझ्या पत्र्यावर काटा येतो.

माझा जन्म चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत झाला. दुकानाचे मालक, त्यांना सगळे चष्मेवालेच म्हणत, रोज शटर ओढले की एका उभ्या पिंपावर दोन जाड काचा एकमेकींवर ठेवत. मध्ये पाणी आणि खरखरीत भुकटी. मग घासायचे, पिंपाभोवती एक पाऊल सरकायचे, पुन्हा घासायचे. भुकटी बारीक होत गेली, काच खोलगट होत गेली. त्यांच्या पत्नी चहा घेऊन दारात उभ्या राहत आणि हळूच म्हणत, "एवढं चालणं बाजाराच्या दिशेनं झालं असतं, तर घरात भाजी तरी आली असती."

"भाजी उद्याही मिळेल," चष्मेवाले म्हणत. "आज हिचा बाक बिघडला तर पुन्हा पहिल्यापासून."

शेवटी त्या काचेवर चांदीसारखा मुलामा चढला आणि मला दृष्टी आली.

पहिल्याच संध्याकाळी चष्मेवाल्यांनी मला एका दीर्घिकेकडे वळवले. मित्रांनो, दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचे गाव. त्या गावात तारे किती, तर मोजणारा थकेल, गाव संपणार नाही. पण ते इतके लांब, की माझ्यातूनही दिसते ते काचेवर टाकलेल्या श्वासाच्या वाफेएवढेच. आता आहे, आता नाही.

बाईंनी, म्हणजे चष्मेवाल्यांच्या पत्नींनी, माझ्या बाजूच्या भिंगाला डोळा लावला. "मला तर काहीच दिसत नाही."

"सरळ बघू नकोस. जरा बाजूला बघ, आणि तिला कडेनं येऊ दे."

हे चष्मेवाल्यांच्या धंद्यातले ज्ञान. डोळ्याचा मधला भाग दिवसाच्या कामाचा. अक्षरे वाचावीत, सुईत दोरा ओवावा. मंद उजेड टिपतो तो कडेचा भाग. बाईंनी नजर थोडी ढळवली आणि त्यांचा श्वास थांबलेला मला कळला. त्या म्हणाल्या, "लाजरी आहे हो. टक लावली की आत जाते." आणि त्यांनी नकळत हात जोडले.

त्या दिवसापासून बाईंनी नेम धरला. जेवणाआधी एका दीर्घिकेचे चित्र काढायचे. डब्याचे झाकण ठेवून पांढऱ्या कागदावर वर्तुळ आखायचे, ताऱ्यांचे काळे ठिपके द्यायचे, आणि पेन्सिलीची भुकटी बोटाने पसरवून दीर्घिका उमटवायची. कागदावर सगळे उलटे, आकाश पांढरे आणि प्रकाश काळा. चष्मेवाले पाहून सांगत, बाई ऐकून काढत. "तुमचा डोळा, माझा हात," असे त्या म्हणत. ढग असले, तर नुसते वर्तुळ आखून कागद ठेवून देत. आज दर्शन नाही, एवढाच त्याचा अर्थ. न पाहिलेले काही त्यांनी कधी काढले नाही.

वर्षे गेली. एके दिवशी चष्मेवाल्यांनी एका गिऱ्हाइकाला त्याच्याऐवजी भलत्याचाच चष्मा दिला, आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला ओळखले नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, की नजरेचा मधला भाग गेला आहे, तो परत येणार नाही. कडेचे दिसत राहील.

"अगं, जिकडे बघावं तिथं मधोमध काळं," ते बाईंना म्हणाले. "तू दीर्घिका काढताना बोट फिरवतेस ना, तसं कोणीतरी माझ्या डोळ्यात फिरवलंय."

त्यांनी दुकान बंद केले. माझ्या तोंडावर लाकडी झाकण बसले आणि मी माळ्याखालच्या कोपऱ्यात गेले. माझ्या पायांवर कोणी ओली छत्री टांगू लागले. चष्मेवाले कोणाकडे जाईनात. चेहरे ओळखू येत नाहीत म्हणून कोणी आलेलेही त्यांना नको असे. पण बाईंचा नेम सुटला नाही. त्या संध्याकाळी ओट्याशी बसून वर्तुळ आखत आणि कागद ठेवून देत.

त्यांची लेक एकदा म्हणाली, "आई, आज तर आभाळ किती स्वच्छ आहे. वर्तुळ रिकामं का?"

"आभाळ आहे गं," बाई म्हणाल्या. "बघणारा उठत नाही."

ही लेक दुकानांच्या दारांवर पहाऱ्याचे कॅमेरे बसवण्याचे काम करते. त्यातलाच एक काडेपेटीएवढा कॅमेरा तिने माझ्यासाठी आणला. भिंगाच्या जागी तो बसवायचा, त्याने थोडा वेळ प्रकाश साठवायचा, आणि वायरीने जोडलेल्या छोट्या पडद्यावर दीर्घिका दाखवायची. म्हणजे बाबांना खुर्चीत बसून दिसेल, असा तिचा बेत. माझ्या पायाशी तिने मोटरही बसवली, म्हणजे तारे सरकले की मीही सरकेन.

"चोर पकडायचं यंत्र हे," चष्मेवाले म्हणाले. ते पडद्याकडे वळले आणि लगेच मान फिरवली. "मधोमध धूर. तुम्ही बघा." त्यांनी एवढेच म्हटले, पण लेकीचा चेहरा उतरला.

त्याच आठवड्यात कोपऱ्यावरचा फर्निचरवाला घरी आला. मला उलटसुलट पाहून म्हणाला, "काका, दुकानाच्या काचेत उभी केली तर काय शोभेल. आतला आरसा नसला तरी चालेल, जड होतो."

चष्मेवाले म्हणाले, "रविवारी ने."

मित्रांनो, आरसा नसला तरी चालेल! डोळे काढून घेतलेली मी खुर्च्या-टेबलांमध्ये उभी राहणार होते.  बाई मऊ फडके घेऊन माझी नळी पुसत राहिल्या.

शनिवारी दिवेलागण झाली. अंधार पुरता पडताच लेकीने आणि बाईंनी मला अंगणात आणले. लेक म्हणाली, "बाबा, कॅमेऱ्यानं एकदाच बघून घेऊ म्हटलं. पण आरसा जरा हललाय वाटतं. तुमच्याशिवाय कोण बसवणार?"

मोडलेली वस्तू म्हटली की त्या माणसाला घरात बसवत नसे. ते भिंत चाचपत आले. बोटांनी माझे स्क्रू पिळले, आणि सवयीने भिंगाला डोळा लावला. मी तेव्हा कुठे वळलेली आहे, हे लेकीने त्यांना सांगितले नव्हते.

ते हलले नाहीत. लेक काही विचारणार होती, पण बाईंनी तिचा हात दाबला.

"आहे," चष्मेवाले म्हणाले.

"काय आहे?"

"रेघ. बारीक, तिरकी. मध्ये थोडी फुगीर. मी समोर बघतो तिथं धूरच आहे, पण ती कडेनं येतेय गं. पूर्वी यायची तशीच."

बाई म्हणाल्या, "आठवणीतलं सांगत असाल तर आत्ताच सांगा. मला खोटं काढायला लावू नका."

"रेघेच्या वरच्या अंगाला एक तारा. खाली दोन, जवळजवळ. काढ तू."

डोळे दिपू नयेत म्हणून कंदिलाला लाल कागद गुंडाळून बाईंनी कागदावर डब्याचे झाकण ठेवले, वर्तुळ आखले आणि काढले. मग लेकीने भिंग काढून कॅमेरा बसवला. पडदा आधी नुसता राखाडी होता. हळूहळू त्यातून तिरकी रेघ वर आली, मध्ये फुगीर. वर एक तारा, खाली दोन. आणि रेघेच्या अगदी शेजारी आणखी एक, सगळ्यांत ठळक.

लेक थबकली. "बाबा, हा मोठा तारा तुम्ही सांगितला नाही."

"तो तिथं नाही."

"पडद्यावर दिसतोय की हो."

तो तारा काढायला बाईंनी पेन्सिल उचलली नव्हती. त्या नुसत्या नवऱ्याकडे पाहत होत्या.

चष्मेवाले जरा हसले. "गिऱ्हाईक म्हणायचं, समोर डाग दिसतो. मी म्हणायचो, चष्मा फिरवा. डाग चष्म्याबरोबर फिरला तर दोष काचेचा, जगाचा नाही. फिरव तुझा चोरपकड्या."

लेकीने कॅमेरा जागच्या जागी फिरवला. पडद्यावर रेघ वळली, वरचा तारा वळला, खालची जोडी वळली. ठळक तारा मात्र पडद्यावर जागचा हलला नाही, म्हणजे तो कॅमेऱ्याबरोबरच फिरला होता. तो कॅमेऱ्याच्या आतला बिघडलेला ठिपका होता, कायमचा पेटून राहिलेला.

"म्हणजे तुम्ही खरंच..." लेक पडदा सोडून त्यांच्याकडे वळली.

"अगं, माणसांचे चेहरे गेले माझे," चष्मेवाले म्हणाले. "आणि हे एवढ्या लांबचं राहिलं. कसली ही व्यवस्था, कोणाची, मला नाही सांगता येत."

बाईंना सांगता येत होते, पण त्यांनी फक्त कागद कपाळाला लावला. मग म्हणाल्या, "चला, पान वाढते. आज नेम पुरा झाला."

सकाळी फर्निचरवाला हातगाडी घेऊन आला. चष्मेवाले दारातच त्याच्या खांद्यावर नजर ठेवून उभे राहिले. तसे उभे राहिले की त्यांना त्याचा चेहरा कडेने थोडा दिसत होता. "रविवारी ने म्हणालो होतो खरा," ते म्हणाले, "पण ती अजून कामावर आहे. आणि तू मिशी कधी काढलीस रे?"

आता संध्याकाळी चष्मेवाले सांगतात, बाई काढतात, आणि कॅमेरा साक्षीला असतो. तोही गुणी आहे. भिंगातून न दिसणाऱ्या दीर्घिकांचे वळणदार बाहू तो पडद्यावर उमटवतो, तेव्हा तिघेही जेवण विसरतात. त्याच्या खोट्या ताऱ्याला बाईंनी कागदावर कधी जागा दिली नाही, पण त्याला नावेही ठेवली नाहीत.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोपऱ्यात कोणी जुने असेल. पत्र्याचे असेल किंवा हाडामांसाचे. त्याला पुसा, त्याच्यावर छत्री टांगू नका, आणि दिसत नाही म्हणून त्याला शोभेला उभे करू नका. ते कडेने काय पाहत असेल, ते एकदा विचारा.

आणि माझ्यासाठी एवढेच करा. अंधार पडला की माझे झाकण काढा. कोट्यवधी वर्षे चालून कोणी दारापर्यंत येते, आणि दार नेमके त्याच वेळी लावलेले असू नये.