पिसाला घाबरणारं भूत

पीस हाताला टेकलं आणि माझी धाकटी बहीण अशी किंचाळली, की खोक्यांच्या थप्पीवर चढून बसलेला एकजण घाबरून खाली पडला. पॅकिंगच्या हॉलमध्ये जमलेल्या शंभरेक माणसांनी एकदम हात जोडले.

"बघितलंत?" पिसवाले बाबा गरजले. "आता हे बघा!" त्यांनी लोखंडी गज उचलला आणि तिच्या त्याच हातावर दाबला. धाकटी गप्प. "लोखंडाला भीत नाही, माझ्या मंतरलेल्या पिसाला भितं! साधं दुखणं असतं तर उलटं झालं असतं. हातात भूत शिरलंय!"

हिशेब इतका चोख वाटत होता, की कारखान्याच्या मालकांनीही मान डोलावली. मी नाही डोलावली. बाबा म्हणे बारा वर्षं गुहेत एका पायावर उभे होते. मला त्यांच्या दोन्ही पायांतले नवेकोरे बूट दिसत होते. पण माझे हात धाकटीच्या खांद्यांवर होते, तिला खुर्चीत दाबून धरायला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी शहाणपणा शिकवायला लागलो की माझी लायकी तुम्हाला ठाऊक असेल.

मग बाबांच्या दोन चेल्यांनी कमरेचे पट्टे काढले आणि तिला झोडपलं. पाठीवर, दंडांवर, मांड्यांवर. ती शुद्ध हरपेपर्यंत. बाबांची ही दुसरी बैठक होती; पहिलीतही हेच झालं होतं.

आमचा कारखाना पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. मी मशीन दुरुस्त करतो, धाकटी गठ्ठ्यांना पोलादी पट्टी आवळायची. पाच महिन्यांपूर्वी आवळलेली पट्टी तुटली आणि चाबकासारखी उसळून तिचं उजवं मनगट अंगठ्याच्या बाजूनं चिरत गेली. टाके पडले, जखम भरली, दुखणं मात्र राहिलं. बाहीचं टोक लागलं तरी आग, पंख्याचा वारा लागला तरी आग. एकदा माझा टॉवेल चुकून तिच्या हाताला लागला, तर तिनं पाण्याचा जग माझ्या कपाळावर हाणला.

हॉस्पिटलात फिजिओथेरपी करून घेणाऱ्या व्यायामाच्या बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, वेळ लागेल, त्रास होईल, आणि दुखणं पूर्ण जाईलच असं नाही. इतकं खरं बोलणाऱ्या माणसाकडं पुन्हा कोण जातं? धाकटी गेली नाही. इकडं मशीनला भूत लागलंय म्हणून कामगार तिला हात लावेनात, माल अडकला, आणि मालकांनी बाबांना बोलावलं. मशीनला संरक्षक जाळी बसवण्यापेक्षा भूत काढणं त्यांना सोपं वाटलं.

आणि मारण्याचं म्हणाल, तर आम्हाला त्यात काही वावगं दिसलं नाही. आमच्याकडं अडकलेल्या मशीनला आधी हातोडा हाणतात, मग काय बिघडलंय ते बघतात. मी स्वतः वीस वर्षं हेच करत आलोय. बाबांच्या चेल्यांनी बहिणीवर पट्टा उचलला तेव्हा मला वाटलं, सुटेलही एखाद्या वेळी. लाज वाटते लिहायला, पण वाटलं होतं.

बाबांनी जाताना फर्मान काढलं, "उद्या दुपारी गज लाल करून हातावर ठेवायचा. भूत जळेल, हात राहील."

त्या संध्याकाळी वळांवर लावायला मलम आणायला मी हॉस्पिटलात गेलो. धाकटीचं कार्ड बघून व्यायामाच्या बाई बाहेर आल्या.

"ही आलीच नाही परत. आणि आता वळांवरचं मलम? कोणी मारलं?"

पहिल्या दिवशी नाडी बघताना बाबांची बाही लागून ती दचकली होती, तिथपासून मी सगळं ओकलो. पीस, गज, पट्टे, उद्याचा डाग. बाईंचं तोंड लालबुंद झालं, पण त्यांनी एकच विचारलं, "पीस हाताच्या कुठल्या बाजूला फिरवलं, आणि गज कुठं ठेवला?"

मी डोळे मिटून आठवलं. "पीस पंजाच्या पाठीवर. गज... तळहातावर."

"उद्या येते मी," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गोंद तापवायच्या शेगडीवर गज लाल झाला होता. चेल्यांनी धाकटीला खुर्चीला बांधलं होतं. बाई गर्दीतून कोपरं मारत पुढं आल्या आणि थेट मालकांसमोर उभ्या राहिल्या. "हिचा हात जळाला तर पोलीस तुमच्याकडं येतील. बाबा तोवर दुसऱ्या गावात असतील. मला फक्त पाच मिनिटं द्या."

मालकांनी घाम पुसला. "द्या हो त्यांना पाच मिनिटं."

"अधर्म!" बाबा ओरडले. "भूत खवळेल!"

"खवळू दे. त्याचीच परीक्षा घ्यायचीय." बाई धाकटीपुढं वाकल्या. "डोळे बांधणार आहे. काही वेळा दुखेल. चालेल?"

"गज सोडून काहीही करा, बाई," धाकटी म्हणाली.

डोळे बांधले. बाईंनी बाबांचं पीस घेऊन पंजाच्या पाठीवर हलकेच फिरवलं. किंकाळी. पिशवीतला कापसाचा बोळा फिरवला. तीच किंकाळी. मालकांच्या खिशातला रुमाल ओढून घेतला, त्याचं टोक फिरवलं. पुन्हा तीच.

"मालक, रुमाल मंतरून कधी आणलात?" बाईंनी विचारलं. मागं कोणीतरी फिसकन हसलं.

मग तेच मंतरलेलं पीस त्यांनी तळहातावर फिरवलं. धाकटी गोंधळली. "हे काय? गुदगुल्या होतायत."

शेवटी त्यांनी माझ्या हातातला लोखंडी पाना घेतला आणि पंजाच्या पाठीवरून नुसता अलगद ओढला. धाकटी खुर्चीसकट मागं उडाली.

"लोखंडाला भीत नव्हतं ना?" बाई गर्दीकडं वळल्या. "हिच्या मनगटातली एक नस चिरली गेली. पंजाच्या पाठीची खबर तीच मेंदूकडं नेते. ती बिघडली, म्हणून हलका स्पर्शही तिला आगीसारखा लागतो. तळहाताच्या नसा वेगळ्या, त्या धड आहेत. या माणसानं पहिल्या दिवशी नाडी बघताना बाही हातावरून फिरवली, ही कुठं दचकते ते हेरलं. मग दुखरी जागा पिसाला दिली आणि धड जागा गजाला. एवढीच याची विद्या."

"भूत बाईच्या तोंडून बोलतंय!" बाबांनी किंचाळत फडक्यानं लाल गज उचलला आणि धाकटीच्या हातावर झेप घेतली. मी त्यांच्या बरगड्यांत लाथ घातली. गज पुठ्ठ्यांवर पडला, धूर झाला, कोणीतरी पाणी मारलं. मग शंभर माणसं बाबांवर तुटून पडली. दात पडले, बूट उडाले. जे हात काल जोडले होते, तेच आता मुठी झाले होते. मी हातोडा उचलला होता, आणि खरं सांगतो, मला त्याचं डोकं फोडायचं होतं.

बाई मध्ये शिरल्या. एक ठोसा त्यांनाही लागला, ओठ फुटला. "बास! काल बाबा म्हणाला म्हणून हिला मारलंत, आज मी म्हणाले म्हणून याला मारताय. विचार कधी करणार? पोलिसांना बोलवा. मला हा पेशंट म्हणून नकोय!"

मी हातोडा खाली ठेवला. मी दोऱ्या सोडत होतो तेव्हा धाकटी माझ्याकडं बघत नव्हती.

त्यानंतर जे झालं त्यात चमत्कार नव्हता. बाईंनी बॉलपेननं हातावर दुखऱ्या जागेची हद्द आखली. हद्दीबाहेरून सुरुवात करायची, रोज थोडं आत सरकायचं. आधी रेशमी कापड, ते सोसलं की कापूस, मग टॉवेल, मग तांदळाच्या डब्यात हात. दिवसातून पाच वेळा, थोडी थोडी मिनिटं, आणि फिरवणार तिची ती, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. मधल्या वेळात मनगट वळवायचं, मूठ उघडायची, मिटायची. मी घड्याळ लावून बसायचो आणि शिव्या खायचो. हळूहळू मेंदूला कळतं की कापूस म्हणजे सुरी नव्हे, असं बाई म्हणायच्या. चार महिन्यांनी तिनं पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला. दुखणं गेलं नाही. थंडीत अजूनही ठणकतं, काही दिवस फार वाईट जातात. पण ती कामावर येते, आणि पट्टीच्या मशीनला जाळी आहे. ती आम्ही काम बंद पाडून बसवून घेतली.

तुमच्या घरात कोणी नुसत्या स्पर्शानं किंचाळलं, तर त्याला बांधू नका, मारू नका, डागू नका. कुठं दुखतं, कधी दुखतं ते विचारा, आणि ज्याला त्यातलं कळतं त्याच्याकडं न्या. कोणी चमत्कार दाखवला, तर तो दोन्ही बाजूंनी करून दाखव म्हणा.

परवा जेवणाच्या सुट्टीत धाकटी माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिनं उजव्या हाताची उलटी थोबाडीत दिली, पंजाच्या पाठीनं, सगळ्यांदेखत. माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले.

"माझे खांदे धरलेस त्याबद्दल," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"दुखलं का गं?" मी विचारलं.

"दुखलं, दादा," तिनं मूठ उघडली, मिटली. "पण आणखी एक मारू शकते."