निरंकची पांढरी टाचणी

मित्रांनो, जरा जवळ येऊन बघा. चाळणी वाटते ना? चाळणी नव्हे हो, मी एक जुना नकाशा आहे. छापखान्यातून आलो तेव्हा इतका गुळगुळीत होतो की माशी बसली तरी घसरली असती! सुताराने मला लाकडी फळीवर ताणून ठोकलं आणि देशाच्या हिवताप कार्यालयात, बैठकीच्या लांब टेबलासमोर टांगलं. तिथे माझं आयुष्य गेलं, आणि मोठ्या मानाने गेलं.

माझं काम एकच, टाचण्या टोचून घ्यायच्या. दर महिन्याला सगळ्या प्रांतांचे हिवताप अधिकारी यायचे आणि कुठल्या जिल्ह्यात काय परिस्थिती आहे ते सांगायचे. ताप वाढला की लाल टाचणी, एकही रुग्ण नसला की पांढरी. मग माझ्याकडे बघून ठरायचं, फवारणीची माणसं कुठे पाठवायची, मच्छरदाण्या कुणाला द्यायच्या, औषधांची गाडी कोणत्या रस्त्याला लावायची. मंत्रीसुद्धा चष्मा पुसून माझ्यासमोर उभे राहायचे. मला तर वाटायचं, देश मीच चालवतो!

टाचण्या टोचणाऱ्या कारकुनाला सगळे टाचणीभाऊ म्हणत. माणूस सज्जन, पण कोरी जागा दिसली की त्यांना चैन पडायचं नाही. रुग्ण नसले की 'निरंक' म्हणायची कार्यालयाची पद्धत होती. टाचणीभाऊंचा हा लाडका शब्द. डब्यातली भाजी संपली तरी म्हणायचे, "भाजी निरंक!"

त्या वर्षी जिकडेतिकडे पाणी साचलं आणि ताप देशभर पेटला. गोदामात औषध एका गाडीपुरतंच उरलं. नवा साठा यायला अवकाश होता. गाडी भरून खाली अंगणात उभी होती, आणि ती कुठे जाणार हे त्या दिवशीच्या बैठकीत ठरायचं होतं. सगळे एकमेकांची नजर चुकवत बसले होते.

डोंगराकडच्या प्रांतातून आलेल्या डॉक्टरांनी टेबलावर हात आपटला. "मॅडम, माझ्याकडे एकेका खाटेवर दोन-दोन पोरं झोपवलीत. गाडी मला द्या, नाहीतर मी इथून हलत नाही." ते खोटं बोलत नव्हते. त्यांचे डोळे जागून जागून सुजले होते.

कार्यालयाच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणत. गाडी डोंगराकडे पाठवायच्या कागदावर त्या सही करणार, तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली. त्या उठून अगदी माझ्याजवळ आल्या. तळ्याकाठच्या जिल्ह्यावर पांढरी टाचणी होती. भोवतालचे सगळे जिल्हे लाल.

"इथलं निरंक कोणी कळवलं?"

"कोणीच नाही, मॅडम," टाचणीभाऊ म्हणाले. "तिथून काही आलंच नाही. म्हणून निरंक."

"अहो, काय बोलताय काय! ताप नाही आणि माहिती नाही, हे एकच झालं का? आणि डास काय हद्दीची पाटी वाचून मागे फिरतात?"

टाचणीभाऊंचा चेहरा उतरला. मलाही घाम फुटायचा बाकी राहिला. कारण त्याच टाचणीकडे बघून तिथली फवारणीची माणसं दुसरीकडे हलवली गेली होती.

मोठ्या बाईंनी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"बाई, तिकडे काय आहे ते तुम्हाला माहीत नाही. माझ्याकडे काय आहे ते मला माहीत आहे," डोंगराकडचे डॉक्टर म्हणाले. "नुसत्या अंदाजावर माझी पोरं मारायची का?"

बाईंनी तिसऱ्यांदा फोन लावला. मला मोठ्याने ओरडावंसं वाटत होतं, पण नकाशाला तोंड कुठलं!

अखेर पलीकडे कोणीतरी फोन उचलला. तिथल्या रक्ततपासणी केंद्रातून एक बाई बोलत होती.

"अहवाल? तो कोण लिहिणार, ताई? रक्त तपासतात ते आमचे हेच. तेच तापाने फणफणलेत. डॉक्टरही आडवे झालेत. दाराबाहेर रांग आहे आणि गोळी एक नाही. आमची धाकटी कालपासून डोळे उघडत नाही हो. पाठवताय ना कुणाला?"

मग डोंगराकडचे डॉक्टरच उठले. "अर्धं औषध दुसऱ्या गाडीत चढवा, आधी तिकडे पाठवा," ते म्हणाले. "उरलेल्यात मी कसंतरी भागवतो."

गाडी पोचली. रक्त तपासणारे भाऊ वाचले, तिथले डॉक्टर वाचले, रांगेतलेही पुष्कळ वाचले. ती धाकटी मात्र गाडी पोचायच्या आधीच गेली. बातमी आली तेव्हा टाचणीभाऊंनी ती पांढरी टाचणी उपटली आणि ढसाढसा रडले. त्यानंतर त्यांनी काळ्या टाचण्या मागवल्या. जिथून काहीच कळलं नाही, तिथे काळी. आणि काळी टाचणी लागली की त्याच दिवशी तिकडे माणूस निघायचा.

आता माझ्या जागी संगणकाचा मोठा झगझगीत पडदा आलाय. मी कपाटामागे धूळ खात पडलोय. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण परवा तर काळजात धस्स झालं. नवे साहेब पडद्याकडे बघून म्हणाले, "हा जिल्हा पांढरा दिसतोय. छान!" कोणी विचारलं नाही, की तिथून काही कळलंय का.

मी कपाटामागून काय करणार? म्हणून तुम्हाला सांगतोय, मित्रांनो. उद्या तुमच्यापैकी कोणी त्या टेबलाशी बसेल. जिथून हाक येत नाही, तिथे सगळं आलबेल आहे असं धरून चालू नका. फोन लावा. उचलला नाही, तर माणूस पाठवा, आणि त्याच्या पिशवीत औषध असू द्या. ती धाकटी तुमच्याच वयाची होती.