टेकडीवरचं बारसं

अंबूबाईचं मोबाईलशी पहिल्या दिवसापासून वाकडं होतं. जिला ना वायर ना शेपूट, ती वस्तू बोलते कशी, आणि बोललीच तर खरं बोलते कशावरून, असा तिचा रोकडा सवाल. देऊळघाटात तेव्हा मोबाईल एकच, माणिकरावचा. माणिकराव गावचा भाजीपाला टेम्पोत भरून बुलढाण्याच्या नाहीतर मेहकरच्या बाजारात पोचवायचा. टेम्पोच्या काचेवर 'जयभीम', आणि कमरेच्या पट्ट्याला चामड्याच्या पिशवीत ती डबी. डबीही साधीसुधी नाही. फोटो काढणारी, वर फोटो आणि आवाज दुसऱ्याच्या डबीत धाडणारी. आता धाडायचा कोणाला, हा प्रश्न होताच, कारण तसली दुसरी डबी आसपासच्या गावांत कोणाकडे नव्हती. "माणिका, आला काय रे एखादा फोटो?" म्हणून बाया त्याला येता-जाता छेडायच्या, आणि तो बिचारा "येईन, येईन" म्हणत गाडी पुढे काढायचा.

आणि घ्या, अंबूबाईवरच नातीचं बारसं त्या डबीच्या भरवशावर करायची पाळी आली.

झालं होतं असं. तिच्या मुलाला, शालिग्रामला, पहिली लेक झाली. बारसं म्हटलं की आत्या आलीच. नाव आत्यानं निवडायचं, पोटात लपवून ठेवायचं, आणि पाळण्यात वाकून लेकराच्या कानात 'कुर्रर्र' करून मगच सांगायचं; त्याआधी देवालाही कळू द्यायचं नाही. शालिग्रामची एकुलती बहीण विमल पुण्यात. तिचा नवरा उत्तमराव तिथल्या कारखान्यात. विमलला स्वतःला लेकरू नव्हतं, म्हणून भावाच्या लेकराची वाट तिनं वहिनीपेक्षा जास्त पाहिलेली. आणि नेमकी तिच्याच पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, थांबण्यात अर्थ नाही. ऑपरेशनचा दिवस मिळाला तो बारशाचाच. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, ते उगीच नाही.

"पुढं ढकलू बारसं," शालिग्राम माणिकरावच्या मोबाईलवरून तिला म्हणाला.

"ढकलू नको, दादा," पलीकडून विमल म्हणाली. "मी वाचली तर येईनच. नाही वाचली तर पोरीले तिच्या आत्यानं ठेवलेलं नाव तरी राहीन. मले आत न्यायच्या आधी मी फोन करते. तू फक्त पोरीच्या कानाले लाव."

शालिग्रामनं 'बरं' म्हटलं. घरी येऊन त्यानं आईला सांगितलं, तेव्हा अंबूबाई चुलीपुढे होती. तव्यावरची भाकरी करपली.

गावातला तारेचा फोन रस्त्याच्या खोदकामात केबल तुटल्यापासून मेलेला. मोबाईलची रेंज म्हणाल तर गावात नावाला नाही. बुलढाण्याच्या टॉवरची हवा पैनगंगेच्या अंगच्या टेकडीवर तेवढी लागायची, तीही कडुनिंबाखाली, आणि माणिकरावच्या सांगण्याप्रमाणे तोंड उगवतीला केलं तर. मग काय, बारसंच टेकडीवर न्यायचं ठरलं. दोन गड्यांनी पाळणा उचलला, सुनेनं लेकरू पदराखाली घेतलं, बायांनी घुगऱ्यांची पातेली डोक्यावर घेतली आणि अख्खी वरात चढाला लागली. वाटेत भेटेल तो विचारायचा, "कोण्या देवाले चालले?" अंबूबाई म्हणायची, "टावरले."

पाळणा निंबाच्या फांदीला टांगला. लेकरू त्यात घातलं. माणिकराव मोबाईल हातात धरून उगवतीकडे तोंड करून उभा, जसा काही आरतीचं तबक धरलंय. त्या दिवशी मेथी-पालक भरून त्याला मेहकरला निघायचं होतं. टेम्पो भरलेला टेकडीखाली उभा होता. "ऊन चढलं की पाला मरते, जाय तू," असं शालिग्राम म्हणाला, तर माणिकराव म्हणाला, "पाल्याचं पाहू. बहीण एकट्या तुहीच हाये काय?"

आणि फोन वाजला.

सगळ्या बाया पाळण्याभोवती गोळा झाल्या. माणिकराव कमरेत वाकला आणि मोबाईल लेकराच्या इवल्या कानाशी धरला. अंबूबाईनं पाळण्याच्या दुसऱ्या बाजूनं डोकं खुपसलं. आतून विमलचा आवाज आला, बारीक, दूरचा, पण तिचाच. "कुर्रर्र..."

आता आमच्याकडची रीत अशी, की आत्यानं वाकून 'कुर्र' केलं की बाकीच्या बायांनी तिच्या पाठीत धपाधप धपाटे घालायचे. शेजारच्या केसरबाईनं आजवर गावातल्या झाडून साऱ्या आत्यांच्या पाठी शेकलेल्या. तिच्या कानावर 'कुर्र' पडलं, डोळ्यांपुढे वाकलेली पाठ दिसली, आणि हातानं डोक्याला न विचारता आपलं काम केलं. धपाटा असा बसला, की माणिकराव पाळण्याच्या काठावर आदळला, लेकराला लागलं नाही, पण मोबाईल उडाला तो दगडावर. झाकण एकीकडे, बॅटरी दुसरीकडे.

एकाही बाईला हसू आलं नाही. केसरबाई आपल्या हाताकडे पाहत राहिली. माणिकरावनं डबी पुन्हा जोडली. ती पेटली, रेंज आली, त्यानं उत्तमरावला फोन लावला. पलीकडे कोणी परकी बाई गोड आवाजात सांगू लागली, की हा फोन बंद आहे. पुन्हा लावला, पुन्हा तीच बाई.

"नेलं तिले आत," शालिग्राम म्हणाला.

अंबूबाई मटकन खाली बसली. अर्धं कुर्र. नाव नाही. तिच्या मनात नको ते येऊ लागलं. माणूस अर्ध्या शब्दावर उठून जातं, ते परत येतं की नाही, कोणी सांगावं? तिला तेव्हा मोबाईलचा राग आला, केसरबाईचा आला, पुण्याचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा, की लेकीजवळ असायचं तर आपण इथे टेकडीवर बसलो.

केसरबाई रडकुंडीला आली. "अंबू, मारजो मले पाहिजे तर. पण लेकराले बिननावाचं नेऊ नको. चुलत आत्या हाये ना इथं, तिले ठेवू दे."

"कुर्र माह्या विमलनं केलं," अंबूबाई म्हणाली. "नावही तेच सांगीन. तवरोक पोरगी इथंच राहीन, आन् मीही."

बाया घुगऱ्या घेऊन एकेक करत उतरल्या. ऊन चढलं. सुनेनं लेकराला पाजलं, निजवलं. केसरबाई गेली नाही. निंबाच्या पल्याड पाठमोरी बसून राहिली. माणिकरावही हलला नाही. खाली टेम्पोतली मेथी मान टाकत होती, तिकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. अंबूबाईनं हे सगळं पाहिलं. कोणाची कोण लेक, आणि हा माणूस तिच्यासाठी उन्हात खांबासारखा उभा आहे.  तिनं तांब्यातलं पाणी आधी त्याला दिलं.

उन्हं कलू लागली तेव्हा डबी वाजली. पण नेहमीसारखी नाही; एकदाच टुणकन वाजली आणि गप्प झाली.

माणिकरावनं पडद्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहराच बदलला. "फोटोवाला मेसेज येऊन राह्यला. उत्तमरावच्या मोबाईलवरून."

येऊन राहिला म्हणजे येतच राहिला. पडद्यावरची पट्टी थोडी भरायची, अडायची, रेंज गेली की पहिल्यापासून सुरू. माणिकराव दगडावर चढला, मग पाळण्याजवळ आला, मग पुन्हा दगडावर. अखेर पट्टी भरली. पडद्यावर विमल दिसली. अंगठ्याएवढी. अंगात दवाखान्याचा हिरवा झगा, डोक्याला टोपी, आणि हसत होती.

"आवाजही हाये याच्यात," माणिकराव म्हणाला. "सकाळी फोन कटल्यावर धाडेल दिसते. आत न्यायच्या आधी. नेटवर्कमंधी अडकून बसला होता." त्याचा अंगठा बटणावर गेला.

"थांब," अंबूबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडे पाहू लागले.

"हे सकाळचं हाये ना? मंग आता ती जिती हाये का नाही, हे तुही डबी सांगत नाही." तिचा आवाज फाटला. "मले मांगं ठेवलेला आवाज नाही पाहिजे. पहिले ती बरी हाये म्हणून समजू दे. मंगच वाजव."

"माय, समजाले रात होईन," शालिग्राम म्हणाला.

"होऊ दे."

शालिग्राम तिच्याजवळ उकिडवा बसला. तो आईला कधी उलटून बोलणारा नव्हता. "माय, तिले आत न्यायले लोकं उभे होते. फोन कटला म्हणून ती रडत नाही बसली. तिनं आवाज भरला आन् धाडला. तिच्याजवळ तेवढाच वेळ होता, तो तिनं ह्या पोरीले देला. आन् तू म्हणतं, नाही पाहिजे?"

अंबूबाईनं पडद्यावरच्या लेकीकडे पाहिलं. पोरगी हसत होती. लहानपणी ताप असला तरी अशीच हसायची, आईला कळू नये म्हणून. अंबूबाईच्या डोळ्यांना धार लागली. देवा, माझ्या पोटी असली लेक दिलीस, हे तिला तेव्हा इतकं लख्ख वाटलं, की भीतीलाही थोडं बाजूला सरकावं लागलं.

"आण इकडं," ती म्हणाली. जन्मात कधी हात न लावलेली डबी तिनं पदराने पुसली आणि स्वतःच नातीच्या कानाशी धरली. माणिकरावनं बटण दाबलं.

"कुर्रर्र," विमल म्हणाली. मागे कोणाच्या चपला वाजत होत्या, कोणी "चला ताई" म्हणत होतं. "शरयू. तुह्यं नाव शरयू हाये, माय. चांगली राह्यजो." आणि आवाज संपला.

"शरयू," सून हळूच म्हणाली.

असलं नाव त्यांच्या खानदानात कोणी ऐकलेलं नव्हतं. एरवी केसरबाईनं नाक मुरडलं असतं. आज ती पुढे आली आणि लेकराच्या पायावर डोकं टेकून गेली.

मग पुन्हा वाट पाहणं आलं. नाव मिळालं, पण नाव ठेवणारीचं काय? दिवस मावळतीला टेकला तेव्हा फोन वाजला. ह्या वेळी नेहमीसारखा, सलग. माणिकरावनं कानाला लावला, ऐकलं, आणि काही न बोलता अंबूबाईच्या हातात दिला.

"सासूबाई," उत्तमराव म्हणत होता, "गाठ निघाली. डॉक्टर म्हणे, चांगलं झालं. आताच वार्डात आणलं. शुद्धीवर हाये, पण नाकात नळी हाये, बोलता नाही येत तिले."

अंबूबाईचा जीव भांड्यात पडला. तिनं एका हातानं माणिकरावचा हात धरला आणि कपाळाला लावला. माणिकराव संकोचून म्हणाला, "असं काय करता, मावशी. म्यां काय केलं?"

"तू उभा राह्यला," अंबूबाई म्हणाली.

फोनमध्ये उत्तमराव बोलतच होता. "तिच्या कानाले लावू काय मोबाईल? सिस्टर म्हणते, थोडाक वेळ लावा."

"लाव," अंबूबाई म्हणाली. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा त्या बिनशेपटीच्या वस्तूत तोंड घालून, "विमल. शरयू झोपली हाये, माय. तुह्यं नाव पोचलं. तुह्याच आवाजात पोचलं. समदे ऐकून राह्यले होते. घुगऱ्या वाटल्या. तू आता काही बोलू नको. पडून राह्य."

 अंबूबाईनं मोबाईल कानाशी घट्ट दाबला आणि डोळे मिटले. बराच वेळ झाला.

"माय, काय म्हणते ते?" शालिग्रामनं हात पुढे केला. "दे इकडं, कट झाला असन."

अंबूबाईनं त्याचा हात बाजूला सारला.

"थांब बे. श्वास घेऊन राह्यली ती. ऐकू दे मले."