डीकनच्या घरातला जाबेझ

हॉलिसफर्ड गावात मूळ घराण्यांची एक सभा आहे. सोळाशे साठच्या सुमाराला जंगल तोडून जी बावीस घरं इथं वसली, त्यांच्या वंशजांची. सभासद व्हायचं तर त्या बावीसांपैकी एकापासून आपल्यापर्यंत प्रत्येक पिढीचा कागद दाखवावा लागतो. कागद तपासायचं काम अठ्ठावीस वर्षं व्हर्ना थेयर यांच्याकडे होतं. त्या गणिताच्या निवृत्त बाई. शाळेत त्यांनी कुणाला अर्धा गुण फुकट दिला नाही आणि इथं कुणाला अर्धी पिढी दिली नाही.

व्हर्नाबाई माहेरच्या स्टिल्सन. त्यांचा मूळपुरुष डीकन एफ्राइम स्टिल्सन, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक. त्या काळी चर्चमधले बाक मानाप्रमाणे वाटले जायचे आणि डीकनला पुढून दुसरा मिळाला होता. स्थापनादिनाला वंशज अजूनही आपापल्या पूर्वजाच्या बाकावर बसतात. बाकीचं गाव वरच्या सज्जात. व्हर्नाबाई सहा वर्षांच्या असल्यापासून दुसऱ्या बाकावर बसत आल्या होत्या, आणि वर्षातला तो एक दिवस त्यांना नाताळाहून प्यारा होता. हे त्यांनी कुणाजवळ कबूल केलं नसतं.

यंदा त्यांची नात टॅमसिन अठरा वर्षांची झाली आणि तिचा अर्ज आला. घरच्या माणसाचा कागद म्हणून डोळेझाक करणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी पहिल्यापासून सगळं पुन्हा तपासायला घेतलं आणि जाबेझपाशी अडल्या.

जाबेझ हा डीकनचा धाकटा मुलगा, असं घरात सगळे मानत. घरच्या जुन्या बायबलच्या कोऱ्या पानावर डीकनच्या दोन मुलांचे जन्म वार आणि वेळेसकट लिहिलेले होते. खाली जाबेझ, नुसतंच नाव. बाईंच्या आत्याने पुढे पेन्सिलीने 'सुमारे १६८२' असं ठोकून दिलं होतं, आणि त्यावरच आजवर सगळ्यांचं भागलं. डीकनच्या मृत्युपत्रात दोन मुलांना जमीन होती, जाबेझला एक कालवड आणि एक कोट. शेंडेफळाच्या वाट्याला उरलंसुरलंच यायचं, असं म्हणून घरातले हसत. पुढे त्या दोघांचा वंश खुंटला. नाव चाललं ते जाबेझमुळे.

"बाई, आधी बसा," गावकचेरीतला कारकून लोवेल क्रँडल म्हणाला. तो पंचावन्नचा असला तरी बाईंपुढे अजून सातवीतलाच होता. गावच्या पंचांची जुनी वही नुकतीच दुरुस्त होऊन आली होती. चिकटलेली पानं सुटली होती.

"उभ्याने ऐकायला मला काय धाड भरलीय? वाच."

लोवेलने वाचलं. सोळाशे त्र्याऐंशीचा मार्च. मर्सी नावाची परगावची विधवा, कडेवर मूल. गावावर भार पडू नये म्हणून हवालदाराने तिला चौदा दिवसांत चालतं होण्यास बजावलं. त्याखाली एप्रिलची नोंद होती. मर्सी मेली. मूल जाबेझ, वय एक, एकवीस पुरी होईपर्यंत डीकन स्टिल्सनच्या घरी अन्नवस्त्रावर कामाला दिलं. चौदा दिवसांचा हुकूम देणाऱ्या पंचांत पहिली सही डीकनचीच होती.

बाई बसल्या.

"सगळ्याच गावांत तेव्हा असं करत, बाई."

"मला इतिहास शिकवू नकोस."

लोवेलने वही मिटली. "हे पान मी अजून कुणाला दाखवलेलं नाही. आणि मला घाईही नाही."

"सातवीत तू कॉपी करताना सापडला होतास, लोवेल."

"हो ना. तेव्हापासून कळतं मला, कुठं बघायचं नाही ते."

बाईंना त्या क्षणी तो फार आवडला, आणि त्या आवडण्याचीच त्यांना भीती वाटली. तीन दिवस त्यांनी अर्ज टेबलावर ठेवला. सही करावी असं त्यांना मनापासून वाटत होतं. कुणाचं काय बिघडणार होतं? पण विचार पुन्हा पुन्हा युनिस बार्लोवर येऊन थांबत होता. युनिस त्यांची शाळेपासूनची मैत्रीण. एकोणीस वर्षांपूर्वी तिचा कागद बाईंनी एका बाप्तिस्म्याची नोंद सापडत नाही म्हणून परत पाठवला होता. चर्चच्या वहीचं ते पानच पाण्याने गेलेलं, हे दोघींनाही माहीत होतं. तेव्हापासून युनिस समोर दिसली की रस्ता ओलांडायची.

चौथ्या दिवशी बाईंनी नातीच्या अर्जावर 'अमान्य' लिहिलं, मग स्वतःचा जुना कागद काढून त्यावरही तेच लिहिलं, आणि राजीनाम्यासोबत दोन्ही अध्यक्षांकडे पाठवले. संध्याकाळी टॅमसिनला फोन केला.

"अगं आजी, मी तर तुझ्यासाठीच अर्ज केला होता. मला त्या बाकाचं काय!"

"मला होतं," बाई म्हणाल्या.

स्थापनादिनाला त्या सज्जाचा जिना चढल्या. माणसं वळून बघत होती. एव्हाना गावभर झालंच होतं. युनिसशेजारी एक जागा रिकामी होती.

"गुडघे काय म्हणतायत?" युनिसने त्यांच्याकडे न बघता विचारलं.

"शिव्या देतायत."

"देऊ देत."

मग बाई म्हणाल्या, "युनिस, तुझा कागद मी मान्य करायला हवा होता. इतर पुरावे होते. मी अडून बसले."

"मला बाक नकोच होता. आईसाठी केला होता तो अर्ज. तिला एकदा खाली बसायचं होतं. तुझं पत्र आलं आणि त्याच हिवाळ्यात ती गेली."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय? नियम बदलला असतास?"

नसता बदलला, हे बाईंना ठाऊक होतं, आणि त्याची लाज अशी वाटली की मान वर करवेना.

खाली नावं पुकारायला सुरुवात झाली. दरवर्षीप्रमाणे एकेक मूळपुरुषाचं नाव, आणि त्याच्या बाकावरची माणसं उभी राहून 'हजर' म्हणणार. पहिल्या बाकाचं झालं. मग अध्यक्ष सवयीने म्हणाले, "डीकन एफ्राइम स्टिल्सन."

दुसरा बाक रिकामा होता. सत्तर वर्षांच्या सवयीने व्हर्नाबाई अर्ध्या उठल्या. तोंड उघडलंही होतं.

युनिसने त्यांचा दंड धरला आणि त्यांना खाली ओढलं. "बस गं," ती हळूच म्हणाली. "आपल्याला नाही बोलावलं."

तिने हात तसाच राहू दिला.